प्रोबेटच्या वकिलांबाबत नाराजी: तक्रार करावी की वकील बदलावेत?

प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन दाखल्यासाठी, नेमलेले वकील शुल्काचा हिशेब देत नाहीत आणि अर्ज कुठवर आला तेही कळवत नाहीत, अशा वेळी मुंबईतील एक्झिक्युटरपुढे (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यापुढे) मुख्यतः दोन मार्ग असतात: महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करणे, किंवा आधीच्या वकिलांची ना-हरकत घेऊन दुसऱ्या वकिलांना वकालतनामा देणे. ग्राहक आयोगाचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झाला आहे.

तक्रारीला मी कमी लेखत नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ नुसार शिस्तपालन समिती वकिलांना समज देऊ शकते, त्यांची सनद निलंबित करू शकते किंवा त्यांचे नाव यादीतून काढू शकते. कोर्ट फीसाठी घेतलेले पैसे भरलेच गेले नसतील, किंवा वकील मिळणाऱ्या मालमत्तेतच वाटा मागत असतील, तर तक्रार अवश्य करावी. मात्र ‘शुल्क फार झाले’ एवढ्यावर गैरवर्तन सिद्ध होणे, माझ्या समजुतीप्रमाणे, कठीणच असते.

वडिलांच्या मृत्युपत्राच्या वेळी शुल्क मलाही जास्त वाटले होते, पण ते मी सोसले असते. मला खटकले ते दुसरेच. उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी विभागाने, म्हणजे मृत्युपत्रांची प्रकरणे पाहणाऱ्या विभागाने, आमच्या अर्जातील त्रुटींवर हरकती घेतल्या होत्या. मालमत्तेच्या परिशिष्टात एक तपशील अपुरा होता आणि साक्षीदाराच्या शपथपत्रातील नाव मृत्युपत्रातल्या नावाशी जुळत नव्हते. दोन्ही गोष्टी किरकोळ होत्या, साक्षीदार हयात होते आणि सही करायला तयारही होते; तरीही हरकती घेतल्या गेल्याचे मला समजले ते संकेतस्थळावर प्रकरणाची स्थिती पाहताना, आणि विचारणा केली की कारकुनांचे एकच उत्तर असे, ‘साहेब कोर्टात आहेत.’ तोवर घराचे हस्तांतरण सोसायटीत अडून राहिले होते. शिस्तपालन समितीने त्या वकिलांना कितीही कडक समज दिली असती, तरी त्या हरकती काही दूर झाल्या नसत्या.

वकील बदलण्यात दुसऱ्यांदा शुल्क भरावे लागते, हा तोटा मोठा आहे. शिवाय आधीचे वकील थकबाकीचे कारण सांगून कागद अडवतील ही भीती असते. पण थकलेल्या शुल्कासाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे, आणि ना-हरकत मिळाली नाही तर कारणे देऊन न्यायालयाची परवानगी मागता येते. मी प्रथम लेखी हिशेब मागितला: कोर्ट फी किती (आमच्या वेळी तिची कमाल मर्यादा ७५,००० रुपये होती), वकिलांचे शुल्क किती, नोटरी आणि टंकलेखनाचा खर्च किती. त्या पत्रानंतर कार्यालयाचा सूर पुष्कळ मवाळ झाला आणि ना-हरकतही मिळाली. तुमचा अनुभव निराळा असू शकेल, आणि तक्रारीचा मार्ग त्यानंतरही खुला राहतोच.

नव्या वकिलांना मात्र आगाऊ रक्कम देण्यापूर्वी न्यायालयातील फाइल पाहायला सांगावे आणि कोणत्या हरकती शिल्लक आहेत, त्या दूर करण्याचे शुल्क किती, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे.