ऑस्करचा अंदाज बांधताना पीजीए, डीजीए, सॅग, बाफ्टा की ग्लोब?

ऑस्करच्या आधीचे दोन महिने पुरस्कारांची नुसती रांग लागलेली असते. जानेवारीत गोल्डन ग्लोब, त्याच्या आगेमागे क्रिटिक्स चॉइस, मग निर्मात्यांच्या संघटनेचा पीजीए, दिग्दर्शकांचा डीजीए, लंडनचा बाफ्टा, नटांचा सॅग (2026पासून त्याचं नाव ‘ॲक्टर अवॉर्ड्स’). प्रत्येक निकालानंतर ‘आता ऑस्कर यालाच’ अशी बातमी येते आणि ऑफिसातल्या किंवा मित्रमंडळींतल्या पैजेचा तक्ता भरणारा गोंधळतो. त्यात सगळ्यात जास्त गुण जातात ते एकाच पुरस्कारावर भरवसा ठेवून सगळे रकाने भरल्यामुळे. यातला प्रत्येक पुरस्कार दोन-तीन विभागांपुरता पक्का असतो आणि बाकीच्या विभागांत दिशाभूल करतो.

खाली दिलेली वर्षं सोहळ्याची आहेत, चित्रपट प्रदर्शित झाल्याची नव्हेत. आकडे मार्च 2025च्या 97व्या सोहळ्यापर्यंतचे.

कोणताही पुरस्कार तोलताना दोन गोष्टी बघायच्या: मत कोण देतं आणि मोजणी कशी होते. ग्लोब पत्रकारांचा आणि क्रिटिक्स चॉइस समीक्षकांचा. यांतल्या जवळजवळ कुणालाच ऑस्करचं मत नसतं. गिल्डचे (म्हणजे निर्माते, दिग्दर्शक, नट यांच्या व्यावसायिक संघटनांचे) आणि बाफ्टाचे बरेच सभासद मात्र अकादमीत, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेतही असतात. दुसरं म्हणजे, ऑस्करची नामांकनं बहुतेक विभागांत त्या त्या शाखेचे लोक ठरवतात, पण अंतिम फेरीत सगळ्या विभागांना सगळे सभासद मत देऊ शकतात. म्हणजे वेशभूषेचा निकाल वेशभूषाकारांच्या हातात नसतो. तांत्रिक विभागांत गिल्डवाले का चुकतात याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

सर्वोत्कृष्ट चित्रपट: पीजीए की बाफ्टा?

इथे फार विचार करायचं कारण नाही, पीजीए घ्या. 2010 ते 2025 या 16 सोहळ्यांत पीजीए 13 वेळा बरोबर आला. त्यात 2014ची बरोबरीही धरली आहे. तेव्हा ‘ग्रॅव्हिटी’ आणि ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ दोघांनाही पीजीए मिळाला होता. चुकला तो 2016, 2017 आणि 2020मध्ये. बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट 2015 ते 2025 या 11 वर्षांत फक्त दोनदा जुळला: ‘नोमॅडलँड’ आणि ‘ओपनहायमर’.

एवढी तफावत मोजणीमुळे पडते. ऑस्करमध्ये फक्त याच एका विभागाला पसंतीक्रमाने मत देतात आणि पीजीएचीही पद्धत तीच आहे. समजा 100 मतपत्रिका आहेत आणि चारच चित्रपट. पहिल्या पसंतीची मतं अशी: ‘अ’ला 34, ‘ब’ला 30, ‘क’ला 20, ‘ड’ला 16. निम्म्याहून जास्त कुणालाच नाहीत, म्हणून तळाचा ‘ड’ बाद होतो. त्याच्या 16 पत्रिकांवरची दुसरी पसंती बघितली तर 12 ‘ब’कडे जातात, दोन ‘अ’कडे, दोन ‘क’कडे. आता ‘अ’ 36, ‘ब’ 42, ‘क’ 22. मग ‘क’ बाद. त्याच्या 22मधल्या 14 ‘ब’ला, आठ ‘अ’ला. शेवटी ‘ब’ 56 आणि ‘अ’ 44. साध्या मोजणीत ‘अ’ जिंकला असता. प्रत्यक्षात दहा चित्रपट असतात, त्यामुळे या फेऱ्या वाढतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीला आणखी वजन येतं.

म्हणून रकाना भरताना ‘सगळ्यात जास्त लोकांचा लाडका कोण’ एवढंच विचारून भागत नाही. ‘कुणालाच नकोसा नाही असा कोण’ हेही विचारावं लागतं. 2022मध्ये ‘द पॉवर ऑफ द डॉग’कडे 12 नामांकनं, डीजीए, बाफ्टा आणि क्रिटिक्स चॉइस होते. ‘कोडा’कडे अवघी तीन नामांकनं, त्यांत ना दिग्दर्शन ना संकलन; पण पीजीए आणि सॅगचा समूह-अभिनयाचा पुरस्कार होता. ‘कोडा’ने तिन्ही जिंकले. ‘पॉवर’ला दिग्दर्शनाचा एकच मिळाला.

सॅगचा समूह-अभिनयाचा पुरस्कार मात्र जपून वापरा. 2014 ते 2025 या 12 वर्षांत तो सहाच वेळा जुळला, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. एक गंमत आहे: पीजीए चुकला त्या तीनांपैकी दोन वर्षं सॅग बरोबर होता (‘स्पॉटलाइट’ आणि ‘पॅरासाइट’). पण त्यावरून नियम काढू नका. 2018, 2019, 2021 आणि 2025मध्येही दोघांचं जमलं नाही आणि चारही वेळा पीजीए खरा ठरला. 2017च्या ‘मूनलाइट’ने तर दोघांनाही तोंडघशी पाडलं.

दिग्दर्शक: डीजीए, डोळे झाकून

2004 ते 2025 या 22 सोहळ्यांत डीजीए दोनदाच चुकला. 2013मध्ये डीजीए जिंकलेल्या बेन ॲफ्लेकला ऑस्करचं नामांकनच नव्हतं, त्यामुळे ती चूक आधीच दिसत होती. खरी चूक 2020ची: डीजीए सॅम मेंडिसला, ऑस्कर बाँग जून-हो यांना.

घोटाळा होतो तो दिग्दर्शक ठरला की चित्रपटही त्याचाच लिहिण्याच्या सवयीने. 2013 ते 2025 या 13 वर्षांत सहा वेळा दिग्दर्शक एका चित्रपटाचा आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट दुसराच, असं झालं. डीजीए आणि पीजीए वेगळ्या चित्रपटांना गेले असतील तर रकानेही वेगळेच भरा. ओढून-ताणून एक करू नका.

अभिनय: सॅग की बाफ्टा?

या विभागावर जास्त वेळ घालवा, कारण वाद इथेच होतात. दोघांचं एकमत असेल तर प्रश्न नाही. फाटलं तर काय करायचं, हे मुख्य अभिनेत्रीच्या विभागात नीट दिसतं:

| सोहळा | सॅग | बाफ्टा | ऑस्कर |
|---|---|---|---|
| 2019 | ग्लेन क्लोज | ऑलिव्हिया कोलमन | कोलमन |
| 2020 | रेने झेलवेगर | झेलवेगर | झेलवेगर |
| 2021 | व्हायोला डेव्हिस | फ्रान्सेस मॅकडॉर्मंड | मॅकडॉर्मंड |
| 2022 | जेसिका चॅस्टेन | जोआना स्कॅनलन | चॅस्टेन |
| 2023 | मिशेल योह | केट ब्लँचेट | योह |
| 2024 | लिली ग्लॅडस्टोन | एमा स्टोन | स्टोन |
| 2025 | डेमी मूर | मायकी मॅडिसन | मॅडिसन |

सहा वेळा फाटलं, चार वेळा बाफ्टा बरोबर. सॅगला मत देणारे लाखाच्या वर, बहुतेक अमेरिकी, आणि त्यांत टीव्ही-रेडिओवालेही आले. अकादमीने 2016नंतर परदेशी सभासदांची मोठी भरती केली. तिची आवड आता नुसत्या लॉस एंजेलिसची राहिलेली नाही.

पण ‘फाटलं की बाफ्टा’ एवढ्यावर थांबलात तर योह आणि चॅस्टेन हातच्या जातात. त्यापेक्षा चांगली कसोटी अशी: दोघींपैकी कुणाचा चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत जास्त दमदार आहे? मॅकडॉर्मंड, योह आणि मॅडिसन, तिघींचे चित्रपट त्या त्या वर्षी सर्वोत्कृष्ट ठरले. कोलमनच्या ‘द फेव्हरिट’ला दहा नामांकनं होती, क्लोजच्या ‘द वाइफ’ला एकच. 2024मध्ये स्टोनच्या ‘पुअर थिंग्ज’ला 11 आणि ग्लॅडस्टोनच्या चित्रपटाला दहा होती, पण पहिल्याने चार ऑस्कर नेले आणि दुसऱ्याने एकही नाही. 2022मध्ये ही कसोटी लागूच होत नव्हती, कारण पाचही अभिनेत्रींचे चित्रपट सर्वोत्कृष्टच्या यादीबाहेर होते. तेव्हा स्कॅनलनला ऑस्करचं नामांकन नव्हतं, म्हणून सॅगचं ऐकायचं.

अभिनेत्यांतही 2021 (अँथनी हॉपकिन्स) आणि 2025 (एड्रियन ब्रोडी) इथे हीच कसोटी लागू पडते आणि बाफ्टाही. 2023मध्ये ती सपशेल आपटली. ऑस्टिन बटलरचा ‘एल्व्हिस’ सर्वोत्कृष्टच्या यादीत होता, ब्रेंडन फ्रेझरचा ‘द व्हेल’ नव्हता, तरी सॅगवाला फ्रेझरच जिंकला. बऱ्याच वर्षांनी परतलेल्या, सगळ्यांना हवाहवासा वाटणाऱ्या नटाला नटमंडळी भरभरून मतं देतात. पण यालाच नियम मानलं असतं तर 2025मध्ये डेमी मूरवर गुण गेले असते.

निकाल बघण्याआधी एक गोष्ट तपासायचीच: आपला आघाडीचा उमेदवार त्या स्पर्धेत होता का? 2019मध्ये सहायक अभिनेत्रीचा सॅग एमिली ब्लंटला मिळाला, जिला ऑस्करचं नामांकनच नव्हतं. बाफ्टा रेचल वाइझला. ऑस्कर नेला रेजिना किंगने, आणि ती सॅग-बाफ्टा दोन्हीकडच्या नामांकनांत नव्हती. ग्लोब आणि क्रिटिक्स चॉइस मात्र तिच्याकडे होते. जी मैदानातच नव्हती ती हरली असं कसं धरणार?

तारखाही बघा. 2025मध्ये ऑस्करचं अंतिम मतदान 11 ते 18 फेब्रुवारी होतं, बाफ्टा 16ला आणि सॅग 23ला. म्हणजे सॅगच्या मंचावरचं भाषण ऐकून कुणी ऑस्करचं मत बदललं असेल, हे शक्यच नव्हतं. दरवर्षीचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा मतदान बंद झाल्यावरच्या निकालाने ‘हवा फिरली’ असं कुणी म्हणालं तर दुर्लक्ष करा.

पटकथा

रायटर्स गिल्डची अडचण पात्रतेच्या नियमांत आहे. गिल्डच्या करारात न बसणाऱ्या पटकथा स्पर्धेत घेतच नाहीत. 2021मध्ये ‘द फादर’ बाहेर राहिला, रूपांतरित पटकथेचा गिल्ड पुरस्कार ‘बोरॅट’च्या दुसऱ्या भागाला गेला आणि ऑस्कर ‘द फादर’ला. आधी अपात्र पटकथांची यादी शोधा, मगच निकाल वाचा. रूपांतरित पटकथेला बाफ्टा 2021 ते 2025मध्ये पाचपैकी चारदा जुळला, तो घ्या. मूळ पटकथेला बाफ्टा पाचांत दोनदाच. तिथे गिल्ड किंचित बरा, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा दावेदार मूळ पटकथेत असेल तर त्यालाही तोलून बघा.

छायांकन आणि बाकीचे तांत्रिक विभाग

छायाचित्रकारांची संघटना म्हणजे एएससी. तिचं मत सगळ्यात जाणकार, आणि अंदाजासाठी सगळ्यात फसवं. 2017, 2019, 2022, 2023 आणि 2025, पाच वेळा एएससी चुकली आणि बाफ्टा बरोबर आला. 2025मध्ये एएससी ‘मारिया’ला, बाफ्टा आणि ऑस्कर ‘द ब्रुटलिस्ट’ला. उलटं झालं ते 2021मध्ये, ‘मँक’च्या वेळी. छायाचित्रकार कॅमेऱ्याचं काम बघून मत देतात. अकादमीतले नट, लेखक आणि प्रसिद्धीवाले आवडलेल्या चित्रपटाला देतात.

वेशभूषा आणि कला-दिग्दर्शनाच्या गिल्डमध्ये ऐतिहासिक, कल्पनारम्य आणि समकालीन असे वेगळे गट असतात. तीन विजेत्यांतला एखादा ऑस्करशी सहज जुळू शकतो, त्यामुळे त्या जुळण्याला फारसा अर्थ नाही. वेशभूषा आणि रंगभूषा, दोन्हींत बाफ्टा 2018 ते 2025मध्ये आठपैकी सहा वेळा बरोबर होता. कास्टिंगचा विभाग ऑस्करमध्ये 2026पासून आलाय, त्याचा इतिहासच नाही. बाफ्टा मात्र हा पुरस्कार 2020पासून देतो.

ग्लोबचा उपयोग कुठे

ग्लोबला सरसकट मोडीत काढू नका. ॲनिमेशनमध्ये 2021 ते 2025 सलग पाच वेळा तो बरोबर आला. याच क्षेत्रातल्या ॲनी पुरस्काराचं पाचांत दोनदाच जमलं. 2025ला ॲनी ‘द वाइल्ड रोबोट’ला, ग्लोब आणि ऑस्कर लाटव्हियाच्या ‘फ्लो’ला. गाण्यातही ग्लोब भरवशाचा: ‘नाटू नाटू’ने 2023मध्ये आधी ग्लोब घेतला आणि मग ऑस्कर. 2022 ते 2025 चारही वर्षं हे जुळलं, 2021मध्ये नाही. नामांकनांचा अंदाज करत असाल तर ग्लोबला आणखी थोडं वजन द्या. 2025मध्ये फर्नांडा टोरेसला सॅग-बाफ्टाने विचारलंही नव्हतं. ग्लोब जिंकून ती ऑस्करच्या यादीत आली.

तक्ता भरताना

बहुतेक पैजांमध्ये प्रत्येक विभागाला एकच गुण असतो. तीन लघुपट-विभागांचे तीन गुण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या एका गुणापेक्षा जास्त झाले, पण लोक ते रकाने नावं बघून भरतात. लघुपट बघता येत असतील तर बघाच. 2026पासून त्या विभागातल्या सगळ्या कलाकृती पाहिल्याशिवाय अंतिम मत देता येत नाही, म्हणून नुसत्या प्रसिद्ध नावावर पैज लावणं आता आणखी धोक्याचं.

सोपे रकाने (दिग्दर्शक, ॲनिमेशन, सॅग-बाफ्टाचं एकमत असलेला अभिनय) आधी भरून टाका आणि पुन्हा बदलू नका. धाडस एक-दोन ठिकाणीच, आणि तेही फाटलेल्या विभागात. स्पर्धक पाच-सहाच असतील तर धाडसाची गरजच नाही. पन्नास जण असतील तर सगळ्यांसारखाच तक्ता भरून पहिला नंबर येत नाही, एखादा वेगळा रकाना लागतोच.

फॉर्म रविवारी रात्रीच पाठवा. सोहळा भारतात सोमवारी पहाटे असतो आणि वेळ दरवर्षी सारखी नसते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. सोहळा त्याआधी असेल तर आपल्याकडे पहाटे 5.30ला सुरू होतो, जसा 2025मध्ये झाला. त्या रविवारी किंवा नंतर असेल तर 4.30ला, जसा 2024मध्ये.