अंगणात कोणता ओक: कोस्ट लाइव्ह की व्हॅली?

सॅन होजेत घर घेतलेल्या मैत्रिणीला अंगणात कॅलिफोर्नियाचाच ओक लावायचाय, पण या दोघांत तिचं ठरत नाहीये.

सावली कधी हवी, ते आधी बघ. कोस्ट लाइव्ह बारमाही हिरवा. व्हॅली ओकची पानं हिवाळ्यात गळतात, म्हणजे थंडीत घरात ऊन येतं. पान हातात घेतलंस की फरक कळतो: कोस्ट लाइव्हचं जाड, वाटीसारखं वाकलेलं, कडेला काटे, मागे शिरांच्या बेचक्यांत केसांचे पुंजके. व्हॅलीचं खोल खाचांचं, बिनकाट्याचं.

जागेचा प्रश्न मोठा. व्हॅली ओक ३० मीटरपर्यंत जातो. त्याला खोल माती आणि मुळांच्या आवाक्यातलं भूजल लागतं. बेताच्या अंगणात तो लावूच नये, हे माझं ठाम मत. कोस्ट लाइव्हही ऐसपैस पसरतो, त्यामुळे भिंतीपासून लांबच लाव.

'सडन ओक डेथ' हा रोग कोस्ट लाइव्हला मारतो, व्हॅलीला सहसा नाही.

पाण्याचं दोघांचं सारखंच: झाड रुजल्यावर उन्हाळ्यात बुंध्याशी पाणी नको, मुळं कुजतात. खाली लॉन तर नकोच.

वर्षभर आडोसा हवा असेल तर कोस्ट लाइव्ह. मोठं आवार, खोल माती आणि हिवाळ्यात ऊन हवं असेल तर व्हॅली.