बेगोनियाचे कंद मागवताय? मातीत घालण्याआधी हे वाचा

कंदाच्या बेगोनियाच्या नावाखाली मला ऑनलाइन चक्क लुटलं गेलं. पैसे तर गेलेच, पण अख्खा हंगाम वाया गेला याची चीड जास्त आहे. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहितेय.

जाहिरातीत तळहाताएवढी, भरगच्च पाकळ्यांची फुलं होती. पिवळी, केशरी, लाल, शिवाय एक गडद निळंही. कंदाच्या बेगोनियात निळा रंग येतच नाही. तो फोटोवर चढवलेला असतो. निळं फूल दाखवणाऱ्या दुकानातून बाकीचे रंगही घेऊ नका.

पार्सलमध्ये ओल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, मातीने लिंपलेले कंद आले. बेगोनियाचा चांगला कंद तपकिरी, चपटा आणि हाताला टणक लागतो. एक बाजू फुगीर, तिथे जुन्या मुळांचे धागे. दुसरी बाजू खोलगट, आणि त्या खळग्यातच बारीक गुलाबी डोळे फुटतात. मी काडीने खळग्यातली माती उकरली, तर खाली काळा, आंबूस वासाचा लगदा. माती मुद्दाम थापली होती, कूज दिसू नये म्हणून! काही कंद वाळून इतके हलके झाले होते की दाबल्यावर चुरा व्हायचा. उरलेल्यांपैकी काहींना खळगाच नव्हता, होते ते जाड, टोकदार कोंब.

त्याच दिवशी फोटो पाठवले. उत्तर अगदी गोड: "असेच असतात, लावून बघा, महिन्याभरात फुटतील." खरी मेख इथेच आहे. तक्रारीची मुदत सात दिवसांची, आणि बेगोनियाचा कंद उगवायला कित्येक आठवडे घेतो. तुम्ही वाट बघत बसावं आणि मुदत टळावी, एवढाच त्यांचा डाव.

बरे दिसणारे कंद मी नीट लावले. जेमतेम ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खळगा वर, कंदाचा माथा मातीच्या पातळीला, ऊन थेट न लागणारी उजेडाची जागा आणि साधारण वीस अंशांची ऊब. खळग्यात पाण्याचा थेंबही पडू दिला नाही, कारण तिथे पाणी साचलं की चांगला कंदही कुजतो. पाकिटावर मात्र छापलं होतं, "रोज भरपूर पाणी घाला." कंद कुजला की दोष तुमच्या माथी मारायची ही आधीच केलेली सोय. झालंही तसंच. तक्रार केली तर म्हणे पाणी जास्त झालं असेल, आणि आता मुदतही संपली. सरळ हात वर केले.

टोकदार कोंबांतून पानांच्या सुरळ्या निघाल्या. ते कॅलेडियम होतं, रंगीत पानांसाठी लावतात ते झाड! कॅलेडियम वाईट नाही, पण मी त्याचे पैसे मोजले नव्हते. ग्लॉक्सिनिया या घंटेसारख्या फुलांच्या झाडाचा कंद तर आणखी चकवतो, कारण त्यालाही वर खळगा असतो. तिथे पानांवरून ओळखा. ग्लॉक्सिनियाची पानं मखमली आणि समोरासमोर जोडीने येतात. बेगोनियाची एकाआड एक येतात, आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात.

एक मात्र लक्षात असू द्या. भरगच्च फुलाशेजारी साधं, मागे तीन पंखांचं बीजकोश असलेलं फूल आलं तर ती फसवणूक नव्हे. ते मादी फूल असतं.

बेगोनियाचं म्हणून टपोरं बी विकणारेही आहेत. खरं बी धुळीइतकं बारीक असतं.

पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा, प्रत्येक कंदाचा खळगा साफ करून दाबून बघा, आणि कुजका निघाला तर "लावून बघा" न ऐकता मुदतीतच लेखी परतावा मागा. विक्रेता टोलवाटोलवी करू लागला तर ज्या बँकेतून पैसे गेले तिथे लगेच तक्रार नोंदवा. माझ्या विक्रेत्याने आता दुकानाचं नाव बदललंय, फोटो तेच ठेवलेत. म्हणून नावापेक्षा फोटो शोधून बघा. तीच फुलं चार वेगवेगळ्या दुकानांत दिसली, तर ऑर्डर देऊ नका.