६५ वॅट, तीन पोर्ट आणि बारीक अक्षरांतला तक्ता

लॅपटॉप, फोन आणि इअरबड या तिन्हींसाठी एकच चार्जर पुरेल का, या प्रश्नाचे उत्तर आज तत्त्वतः 'हो' असे आहे, आणि त्या 'हो'ला किती अटी चिकटलेल्या आहेत हे पाहणे हा या परीक्षणाचा विषय आहे. मी वापरत असलेला चार्जर ६५ वॅटचा आहे. त्याला दोन टाइप-सी पोर्ट आणि जुन्या चपट्या यूएसबीचा एक पोर्ट आहे. या वर्गातले बहुतेक चार्जर, त्यांच्यावर शिक्का कोणाचाही असो, वागायला बरेचसे सारखे असतात. म्हणून हे मत एखाद्या कंपनीबद्दलचे न समजता त्या वर्गाबद्दलचे समजावे.

पहिली गोष्ट आकाराची. लॅपटॉपबरोबर पूर्वी येणारा विटेएवढा अडॅप्टर आणि हा चार्जर शेजारी ठेवले, तर दोन्ही साधारण तेवढीच वीज देतात यावर विश्वास बसत नाही. याचे श्रेय गॅलियम नायट्राइडला, म्हणजे जाहिरातीतल्या 'गॅन'ला जाते. नेहमीच्या सिलिकॉनचा बँड गॅप, म्हणजे वीज वाहण्यासाठी इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर गॅलियम नायट्राइडची ३.४. त्यामुळे या पदार्थाचे ट्रान्झिस्टर फार कमी ऊर्जा वाया घालवत खूप वेगाने चालू-बंद होऊ शकतात, आणि हा वेग जितका जास्त तितका आतला ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो. म्हणजे 'गॅन' हा शब्द नुसता सजावटीचा नाही. मात्र उष्णता कमी झाली तरी ती बाहेर पडायला पृष्ठभागही कमी उरला आहे, त्यामुळे पूर्ण भारावर चार्जर चांगलाच गरम होतो. ते अपेक्षितच आहे, पण उशीखाली किंवा कपड्यांच्या ढिगात तो चालू ठेवू नये. शिवाय पिना थेट अंगातच बसवलेल्या असल्याने सैल सॉकेटमध्ये तो स्वतःच्या वजनाने हळूहळू बाहेर झुकतो. एक्स्टेन्शन बोर्डावर आडवा लावला की हा प्रश्न येत नाही.

आता ६५ या आकड्याकडे वळू. खोक्यावर तो ठळक छापलेला असतो आणि त्याच्याखाली तीन पोर्टांचे चित्र असते, त्यामुळे तिन्ही पोर्ट मिळून हवे तसे ६५ वॅट वाटून घेतील असा समज होतो. प्रत्यक्षातली वाटणी चार्जरच्या अंगावर बारीक करड्या अक्षरांत छापलेली असते, आणि विकत घेण्याआधी वाचण्यासारखा मजकूर तेवढाच आहे. पहिला टाइप-सी पोर्ट एकटा वापरला तर ६५ वॅट मिळतात. दुसऱ्या टाइप-सीवर फोन लावला की पहिल्याचे ४५ होतात आणि दुसऱ्याला २० मिळतात. दुसरा टाइप-सी आणि जुना यूएसबी हे दोन एकत्र वापरले, तर दोघांत मिळून ५ व्होल्टवर १५ वॅटच उरतात. म्हणजे दोन फोन शेजारी-शेजारी लावले आणि पोर्ट चुकीचे निवडले, तर 'फास्ट चार्जर'वर दोन्ही फोन रांगत चार्ज होतात. वाटणीचे आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात, पण असा तक्ता असतोच. फोन आणि लॅपटॉप एकत्र चार्ज करणाऱ्याने ६५ नव्हे, ४५ हा आकडा डोळ्यांपुढे ठेवून खरेदी करावी. कागदपत्रे लिहिण्यासाठी आणि ब्राउझरसाठी वापरल्या जाणाऱ्या हलक्या लॅपटॉपला ४५ वॅट पुरतात. व्हिडिओ संपादनासारख्या जड कामात मात्र चार्जर लावलेला असूनही बॅटरी खाली येताना दिसते.

दुसरी एक सवय अधिक त्रासदायक आहे. नवीन उपकरण जोडले किंवा काढले की चार्जर सगळ्या पोर्टांचा पुरवठा क्षणभर तोडतो आणि प्रत्येकाशी नव्याने बोलणी करतो. फोनला किंवा लॅपटॉपला त्याने काही होत नाही, कारण त्यांच्याजवळ स्वतःची बॅटरी असते. ज्याला बॅटरी नाही असे काही, उदाहरणार्थ राउटर किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, या चार्जरवर चालवत असाल तर शेजारच्या पोर्टात इअरबड लावताच तो बंद होऊन पुन्हा सुरू होईल. याचा उल्लेख मला कोणत्याही खोक्यावर दिसलेला नाही.

ही बोलणी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे, कारण मोठ्या चार्जरबद्दलची भीती त्यातूनच दूर होते. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या मानकात चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो आणि आपल्याकडे ५, ९, १५, २० असे कोणते व्होल्ट किती अँपियरपर्यंत आहेत याची यादी सांगतो. उपकरण त्यातले हवे ते मागते आणि त्यानंतरच व्होल्टेज वाढते. वीज चार्जर ढकलत नाही, उपकरण ओढते. त्यामुळे २५ वॅट घेणारा फोन ६५ वॅटच्या चार्जरला लावल्याने त्याची बॅटरी खराब होत नाही, तसाच तो अधिक लवकरही भरत नाही. फोनसुद्धा आपला कमाल आकडा फक्त सुरुवातीच्या टप्प्यात घेतो. लिथियम-आयन बॅटरी भरत आली की विद्युतप्रवाह उतरवावाच लागतो, म्हणून शेवटचे वीस टक्के कोणत्याही चार्जरवर संथच जातात. फोनसाठी अधिक वॅटचा चार्जर घेणे हा बहुतेकांच्या बाबतीत वायफळ खर्च आहे. ६५ वॅटची खरी गरज लॅपटॉपला असते.

यापुढची गुंतागुंत केबलची, आणि माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतला कच्चा दुवा तोच आहे. २० व्होल्टवर ६५ वॅट हवे असतील तर ३.२५ अँपियर लागतात. साध्या टाइप-सी केबलची मर्यादा ३ अँपियर असते. त्यापुढे जायचे तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप असावी लागते (अशी केबल पाच अँपियरची म्हणून ओळखली जाते), आणि ती नसेल तर चार्जर निमूटपणे ६० वॅटवर थांबतो. पाच वॅटांचा हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण १०० वॅटचा चार्जर घेणाऱ्याला तीच साधी केबल चाळीस वॅटांचा तोटा करून देते आणि तो दोष चार्जरला देतो. विदा (डेटा) वाहून नेण्याचा प्रश्न आणखी वेगळा आहे. चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या कितीतरी टाइप-सी केबली आतून यूएसबी २.० च असतात, म्हणजे त्यांचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिटच्या वर जात नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन काळ्या केबलींपैकी कोणती काय करू शकते, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. यूएसबीचे मानक सांभाळणाऱ्या संघटनेने २०२१ पासून प्रमाणित केबलींवर ६० किंवा २४० वॅटचा शिक्का छापण्याची पद्धत आणली, ती चांगली आहे. पण प्रमाणपत्र घेणे सक्तीचे नाही आणि बाजारातल्या असंख्य केबली त्याच्या वाटेला जात नाहीत. या चार्जरच्या खोक्यात केबल नव्हतीच, आणि 'केबल वेगळी घ्यावी' या ओळीपुढे 'पाच अँपियरची' हे दोन शब्द छापण्याचे कष्टही घेतलेले नव्हते.

याच्या उलट टोकाची उपकरणेही आहेत. काही स्वस्त दिवे, पंखे आणि ट्रिमर यांना टाइप-सी पोर्ट असतो, पण त्यात मानकाने सांगितलेला ५.१ किलोओहमचा छोटा रेझिस्टर बसवलेला नसतो. तो नसेल तर टाइप-सी चार्जरला पलीकडे कोणी आहे हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. अशी वस्तू फक्त जुन्या यूएसबीच्या केबलवर चालते. अगदी नगण्य किमतीचा हा भाग वाचवण्यापायी ग्राहकाला वस्तू बिघडली आहे असे वाटते. या चार्जरवरचा तिसरा, जुना पोर्ट मला म्हणूनच अडगळीचा वाटत नाही.

फोनच्या बाबतीत दोन प्रश्न विचारून घ्यावेत. सॅमसंगचे २५ आणि ४५ वॅटचे वेगवान चार्जिंग पॉवर डिलिव्हरीच्या पीपीएस या उपप्रकारावर चालते, ज्यात व्होल्टेज अगदी बारीक पायऱ्यांनी बदलता येते. चार्जरच्या तक्त्यात पीपीएस ही अक्षरे नसतील तर तोच फोन १५ वॅटच्या आसपास अडतो. ओप्पोच्या व्हूकसारख्या खासगी पद्धतींमध्ये पूर्ण वेग त्या कंपनीच्या चार्जरवर आणि केबलवरच मिळतो. बाकीच्यांवर फोन चार्ज होतो, पण जाहिरातीतला आकडा विसरावा लागतो.

पिन एकसारखी झाली आणि वागणे मात्र एकसारखे झाले नाही, याचे कारण धोरणाच्या इतिहासात सापडते. २००९ मध्ये युरोपीय आयोगाने मोठ्या फोन कंपन्यांकडून मायक्रो-यूएसबीबाबत स्वेच्छेचा करार करून घेतला होता. त्यात अडॅप्टर देऊन पळवाट काढण्याची सोय होती आणि ॲपलने ती वापरली. २०१२ मध्ये तर त्या कंपनीने लायटनिंग हा स्वतःचा पोर्ट आणला. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी कायदाच केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोन, टॅबलेट, कॅमेरा, इअरबड इत्यादींना टाइप-सी सक्तीचे झाले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. सक्तीची तारीख उजाडण्याच्या वर्षभर आधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला. तेरा-चौदा वर्षे स्वेच्छेने न झालेले काम कायद्याच्या नुसत्या चाहुलीने झाले, हे मान्य करायला हवे.

तरीही ॲपलचा आक्षेप, की अशी सक्ती नव्या संशोधनाला अडवते, सरसकट उडवून लावण्यासारखा नव्हता. २००९ मध्ये मायक्रो-यूएसबी कायद्यात गोठवली असती, तर २०१४ साली आलेल्या आणि तिच्याहून सर्व बाबतींत सरस असलेल्या टाइप-सीला बाजारात शिरणे कठीण गेले असते. कायदा योग्य वेळी आला म्हणून तो शहाणा दिसतो. त्यात आयोगाला तांत्रिक भाग नंतर बदलण्याचा अधिकार दिला आहे, पण तो अधिकार किती चपळाईने वापरला जातो हे पुढचा चांगला पोर्ट आल्यावरच ठरेल. खासगी वेगवान पद्धतींबाबतची तडजोड मला बरी वाटते: १५ वॅटच्या वर जाणाऱ्या उपकरणात पॉवर डिलिव्हरी असलीच पाहिजे, त्याखेरीज कंपनीची स्वतःची पद्धत हवी तर ठेवावी. उपकरणाला किमान आणि कमाल किती वॅट लागतात हे खोक्यावर छापण्याचे बंधनही याच कायद्यात आहे. ग्राहकाच्या दृष्टीने मला ते पिनच्या सक्तीइतकेच मोलाचे वाटते.

खोक्यातून चार्जर काढून टाकण्याच्या प्रघाताबद्दल मात्र माझे मत इतके उदार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलने पर्यावरणाचे कारण देऊन आयफोन १२ बरोबर चार्जर देणे थांबवले आणि खोके लहान झाल्याने एका पॅलेटवर, म्हणजे माल रचून वाहून नेण्याच्या फळीवर, ७० टक्क्यांपर्यंत अधिक खोकी मावतील असे सांगितले. पण त्या खोक्यातल्या केबलचे दुसरे टोक टाइप-सी होते, आणि 'तुमच्याकडे आधीच असलेले' असंख्य चार्जर जुन्या यूएसबीचे होते. ग्राहकाला नवा चार्जर घ्यावाच लागला, तोही वेगळ्या खोक्यातून आणि वेगळ्या वाहतुकीने आलेला. सॅमसंगने तीन महिन्यांत तोच रस्ता धरला. ब्राझीलच्या सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये चार्जरविना आयफोन विकण्यास मनाई करून उलटी दिशा घेतली. मला दोन्ही टोके पटत नाहीत. फेकलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांचा कचरा वर्षाला ११,००० टन होतो, असा युरोपीय आयोगाचा अंदाज आहे, आणि ग्राहकांचे अनावश्यक चार्जरांवर जाणारे वर्षाला २५ कोटी युरो वाचतील असेही त्याचे गणित आहे. चार्जरसह की चार्जरविना हे ग्राहकानेच ठरवावे, ही युरोपीय कायद्यातली तरतूद तत्त्वतः योग्य आहे. पण चार्जर न घेणाऱ्याला फोन तेवढा स्वस्त मिळाला तरच ती बचत त्याची. नाहीतर ती कंपनीच्या खात्यात जमा होते.

एकूणात, ज्याच्या लॅपटॉपला ४५ ते ६५ वॅट टाइप-सीवरून चालतात आणि ज्याचा फोन पॉवर डिलिव्हरी किंवा पीपीएस घेतो, त्याने हा वर्ग डोळे मिटून नव्हे, पण तक्ता वाचून जरूर घ्यावा. ज्याच्या लॅपटॉपबरोबर ९० वॅटचा किंवा त्याहून मोठा अडॅप्टर आला आहे, त्याने १०० वॅटच्या खाली पाहू नये. खासगी पद्धतीचा फोन असेल तर त्याचा मूळ चार्जर जपून ठेवावा. आणि चार्जर घेतानाच पाच अँपियरची एक केबल घ्यावी व तिच्या दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी, कारण खणात गेल्यावर ती इतर केबलींतून ओळखण्याचा दुसरा मार्ग बहुतेक उत्पादकांनी ठेवलेला नाही.