एमएसएआर: लेकीच्या मेडिकल कॉलेजांच्या यादीसाठी दोन महिने वापरलं, त्याचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. लेकीचा एमकॅट, म्हणजे इथली मेडिकल प्रवेशाची परीक्षा, झाला, ५१३ आले. हे ५२८ पैकी, आणि स्केल शून्यापासून नाही तर ४७२ पासून सुरू होतं, त्यामुळे पुण्यात फोनवर सांगताना प्रत्येक वेळी सगळं समजावून सांगावं लागतं. सासूबाई विचारतात, "मग कट-ऑफ किती लागतो गं?" त्यांना नीटची सवय, रँक आला की मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघायचा आणि पसंतीक्रम भरायचा. इथं कट-ऑफ नावाचा प्रकारच नाही, ५२० वाल्याला नकार येतो आणि ५०८ वाली आत जाते, आणि अर्ज टाकायचे पैसे मात्र प्रत्येक कॉलेजचे वेगळे. एएमसीएएसमधून, म्हणजे बहुतेक कॉलेजांच्या सामाईक अर्जातून, पहिल्या कॉलेजचे साधारण १७५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे चाळीसच्या वर, मग सेकंडरीची, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या दुसऱ्या अर्जाची फी, ती बऱ्याच ठिकाणी शंभरच्या घरात. वीस-पंचवीस कॉलेजं म्हटली की तीन हजार डॉलर सहज जातात. म्हणून यादी नीट करणं आमच्यासाठी खरंच मोठी गोष्ट होती.

आधी आम्ही एका फुकट साइटवरून एक्सेल शीट बनवली होती. कॉलेजचं नाव, सरासरी एमकॅट, सरासरी जीपीए (कॉलेजातल्या मार्कांची सरासरी), बास. लेकीचे मार्क ज्याच्या जवळपास बसतील ते हिरवं, लांब असेल ते लाल. दिसायला छान होतं, पण आकडे कुठल्या वर्षाचे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं आणि दोन-तीन ठिकाणी तर चक्क जुने निघाले. मग एमएसएआर घेतलं, ही अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या प्रवेशाची माहिती देणारी साइट. एमकॅट घेणारी आणि एएमसीएएस चालवणारी जी मेडिकल कॉलेजांची संघटना, एएएमसी, तिचीच ही साइट, आणि माहिती कॉलेजं स्वतः देतात. थोडं फुकट दिसतं, पण कामाचं बरंचसं सबस्क्रिप्शनमध्येच आहे.

सगळ्यात आधी सांगते, मिडियनवर अडकू नका. आम्हीही तेच केलं होतं, प्रत्येक कॉलेज उघडायचं आणि मधला आकडा बघून हुश्श करायचं नाहीतर तोंड पाडायचं. तिथे दहावा पर्सेंटाइल ते नव्वदावा अशी अख्खी रेंज दिलेली असते, एमकॅटच्या चारही सेक्शनची वेगळी, सायन्स जीपीएची वेगळी. दहाव्या पर्सेंटाइलचा अर्थ असा की घेतलेल्या दहा मुलांपैकी साधारण एकच त्या आकड्याच्या खाली होता, म्हणजे आपले मार्क तिथे असतील तर दार बंद नाही पण अर्जात दुसरं काहीतरी खणखणीत पाहिजे. एनवाययूला २०१८ पासून ट्यूशन माफ आहे म्हणून लेकीचा जीव तिथे अडकला होता, पण तिथला मिडियन ५२० च्या वर, आणि पूर्ण रेंज बघितल्यावर ती स्वतःच म्हणाली, आई हे एक स्वप्न म्हणून ठेवू, बाकीची यादी जमिनीवरची करू. मला तेव्हा तिचं फार कौतुक वाटलं.

पण खरी किंमत वसूल होते ती इन-स्टेट आणि आउट-ऑफ-स्टेटच्या आकड्यांत. किती जणांनी अर्ज केला, किती जणांना इंटरव्ह्यूला बोलावलं, शेवटी किती जणांनी प्रवेश घेतला, हे राज्यातले, राज्याबाहेरचे आणि परदेशी असं वेगवेगळं दिसतं. टेक्सासच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत बाहेरच्यांना फार तर दहा टक्के जागा, हा त्यांच्या राज्याचा कायदाच आहे, पण तो ऐकलेला असणं वेगळं आणि हजारो बाहेरचे अर्ज आणि आत गेलेली मोजकी मुलं डोळ्यांनी बघणं वेगळं. (टेक्सासच्या बहुतेक कॉलेजांचा अर्जही वेगळा, टीएमडीएसएएसमधून.) युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचंही तसंच, त्यांचा सगळा भर वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना, आयडाहो या पाच राज्यांच्या मुलांवर. एक्सेलमध्ये यातली बरीच कॉलेजं हिरवी होती! ती सगळी आम्ही काढली आणि घराजवळची वर आली, रटगर्सची दोन्ही, कॅम्डनचं कूपर, नटलीचं हॅकेन्सॅक मेरिडियन.

आता जे लिहायला मी मुळात बसले ते. माझ्या मैत्रिणीचा मुलगा लेकीच्याच वर्गातला, तीन वर्षांचा असताना नागपूरहून इथे आला, शाळा-कॉलेज सगळं इथंच, मार्कही लेकीच्या जवळपास सारखे. फरक एवढाच की लेक इथे जन्मली आणि तो एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आईवडिलांचं ग्रीन कार्ड रांगेत. मेडिकल स्कूलच्या दृष्टीने तो इंटरनॅशनल. रविवारी दोघं आमच्याच टेबलावर शेजारी लॅपटॉप घेऊन बसले, त्याने इंटरनॅशनल अर्ज घेणाऱ्या कॉलेजांचा फिल्टर लावला आणि त्याची यादी बघता बघता निम्म्याहून खाली आली. कुणीच काही बोललं नाही. पोहे तसेच गार झाले. पण मैत्रीण नंतर म्हणाली की हे आत्ता कळलं ते बरं, नाहीतर जी कॉलेजं अर्ज वाचणारच नाहीत तिथे पैसे भरले असते आणि पोरगं वर्षभर उत्तराची वाट बघत बसलं असतं. फिल्टरवर थांबू मात्र नका, अर्ज घेतात म्हणजे प्रवेश देतात असं नाही, गेल्या वर्षी खरोखर किती इंटरनॅशनल मुलं आत गेली तो आकडा बघा, काही ठिकाणी तो शून्य असतो. आणि त्यानंतर कॉलेजच्या स्वतःच्या साइटवर जाऊन पैशांचं वाचा, कारण या मुलांना फेडरल लोन मिळत नाही आणि काही कॉलेजं एक ते चार वर्षांची फी आधीच एस्क्रोमध्ये, म्हणजे वेगळ्या राखीव खात्यात, ठेवायला सांगतात. एच-फोरवरची मुलं असलेल्या सगळ्या आयांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हे एमकॅटनंतर नाही, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातच बघून ठेवा.

बाकी छोट्या गोष्टी. कुठल्या कॉलेजला कुठले कोर्स लागतात, एपी क्रेडिट (शाळेत असतानाच केलेल्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचं) चालतं का, ऑनलाइन किंवा कम्युनिटी कॉलेजचा कोर्स चालतो का, किती जुना एमकॅट चालतो, शिफारसपत्रं कोणाची हवीत, सगळं एका पानावर. लेकीचं फिजिक्स एपीतून झालेलं, ते दोन ठिकाणी चालत नाही हे इथंच कळलं.

यात डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरकीची पदवी देणारी कॉलेजं नाहीत, फक्त एमडी. आमच्या इथल्या रोवन युनिव्हर्सिटीकडे दोन्ही आहेत, त्यातलं कूपर एमएसएआरवर दिसतं पण स्ट्रॅटफर्डचं डीओ कॉलेज दिसणार नाही, त्यासाठी चूझ डीओ एक्सप्लोरर ही वेगळी साइट आहे. आम्ही दोन्ही यादीत घेतली.

घ्यावं का? तर हो, नक्की. एका सेकंडरीच्या फीपेक्षाही कमी पैशांत वर्षभर वापरता येतं, आणि ज्यांना एएएमसीचा फी असिस्टन्स मंजूर होतो त्यांना ते फुकटच मिळतं, शिवाय वीस कॉलेजांपर्यंतची एएमसीएएसची फीही माफ होते, त्यामुळे आधी तो अर्ज करा आणि मगच कार्ड काढा. लेकीची यादी आता बावीसची आहे, मैत्रिणीच्या मुलाची चौदाची, आणि त्या चौदाही ठिकाणी गेल्या वर्षी त्याच्यासारखं कुणीतरी आत गेलेलं आहे.