लागवडीचे म्हणून घेतलेले सागवान जुन्या जंगलातले निघाले

घराच्या दारांसाठी आणि चौकटींसाठी सागवान घ्यायचे ठरले तेव्हा आमची अट एकच होती, ती म्हणजे लाकूड लागवडीतले असावे. शतकानुशतके वाढलेले जंगल चार दारांसाठी तुटावे हे मनाला पटत नव्हते. ही अट मी वखारमालकांना पहिल्याच भेटीत सांगितली आणि फसवणूक झाली ती नेमकी त्या अटीचाच आधार घेऊन. असे लाकूड शोधणाऱ्या इतरांवर हीच वेळ येऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

वखारमालकांनी कपाटातून एफएससी प्रमाणपत्राची झेरॉक्स प्रत काढून दाखवली. फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल ही संस्था 1993 मध्ये स्थापन झाली आणि जबाबदारीने राखलेल्या जंगलांतील व लागवडींतील लाकडाला तिच्या नियमांनुसार प्रमाणपत्र मिळते, एवढे मला ठाऊक होते. प्रतीवर क्रमांक होता, शिक्का होता आणि सोबतच्या चिठ्ठीवर ‘लागवड, वय 25 वर्षे’ असे लिहिलेले होते. फळ्या इतक्या रुंद आणि गडद कशा, असे मी विचारले तेव्हा ‘हल्ली भट्टीत वाळवतात, त्यामुळे रंग चढतो’ असे उत्तर मिळाले. मी ते मान्य केले आणि बिल हातात येण्यापूर्वीच बहुतेक रक्कम दिली. बिल नंतर आले, त्यावर फक्त ‘सागवान, कापीव’ एवढेच लिहिले होते, आणि तेव्हाही मला त्यात काही खटकले नाही.

शंका आली ती आमच्या सुतारांना. एका फळीचे टोक त्यांनी रंध्याने गुळगुळीत केले, त्यावर ओले फडके फिरवले आणि मला जवळ बोलावून म्हणाले, “ताई, हे पंचवीस वर्षांचं झाड नाही. रेघा मोजून बघा.” सागाची वाढीची वलये स्पष्ट दिसतात, कारण हंगामाच्या सुरुवातीला तयार होणारी छिद्रे मोठी असतात आणि त्यांची ओळ डोळ्यांनाही ओळखता येते. आम्ही दर दहाव्या वलयावर टाचणी रोवत गेलो. नऊ इंच रुंदीच्या त्या फळीत, जी योगायोगाने वलयांना जवळजवळ काटकोनात चिरलेली होती, 128 वलये भरली. त्या फळीवर झाडाचा मध्यबिंदूही नव्हता आणि सालीलगतचा फिका भागही नव्हता, म्हणजे झाड त्याहूनही मोठे होते. सागात कधी कधी एकाच वर्षात दोन वलये दिसतात. तेवढी सूट दिली तरी 128 चे 25 होत नाहीत.

लागवडीतही वयस्कर झाडे असू शकतात, हे खरे आहे. केरळमधील निलंबूर येथे 1840 च्या दशकात लावलेल्या सागाचा एक भाग आजही जतन करून ठेवला आहे. पण माझ्या चिठ्ठीवर वय 25 वर्षे लिहिले होते, आणि त्या वयाच्या खोडाच्या फळ्या अरुंद निघतात, वलये सहसा विरळ असतात आणि गडद गाभ्याभोवती फिक्या लाकडाचा जाड पट्टा दिसतो. माझ्या संपूर्ण मालात असा पट्टा एकाही फळीला नव्हता.

त्या रात्री मी प्रतीवरचा क्रमांक संस्थेच्या सार्वजनिक नोंदीत शोधून पाहिला, जे काम मी पैसे देण्यापूर्वी करायला हवे होते आणि ज्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. क्रमांक खरा होता, पण तो दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या नावावर होता, आणि त्याच्या प्रमाणपत्राच्या व्याप्तीत फक्त प्लायवूड होते. वरचे नाव बदलून काढलेली ती झेरॉक्स होती. नियम असा आहे की विक्रेत्याकडे वैध प्रमाणपत्र असले तरीही, प्रमाणित असल्याचा दावा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक बिलावर लिहिलेला नसेल, तर तो माल प्रमाणित धरला जात नाही. म्हणून भिंतीवर टांगलेल्या कागदापेक्षा बिलावरची ती ओळ महत्त्वाची आहे, आणि ती रक्कम देण्याआधी मागायची असते.

जाब विचारायला गेले तेव्हा वखारमालकांनी दिलेले उत्तर मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, “लाकूड तर मागितलंत त्याहून भारी मिळालं ना? मग तक्रार कसली?” ही फसवणूक इतकी बिनबोभाट चालते त्याचे कारण या वाक्यातच आहे. जुन्या झाडाच्या फळ्या रुंद असतात, त्यांचा रंग गडद असतो आणि जवळजवळ सगळे लाकूड टिकाऊ गाभ्याचे असते, त्यामुळे घेणाऱ्याला आपण फसलो असे वाटतच नाही आणि तक्रार करायला कोणी पुढे येत नाही. मला मात्र त्या झाडाबद्दल फार वाईट वाटते. अशा झाडांच्या ढोलीत धनेशासारखे पक्षी घरटे करतात, आणि तशी ढोली तयार व्हायला एका माणसाचे आयुष्य पुरत नाही.

शिवाय आमच्या कामाला त्या रुंद फळ्यांची गरजच नव्हती. अरुंद पट्ट्या जोडून उत्तम दार होते. फिका भाग कापून टाकायचा, कारण त्याला कीड लवकर लागते, मध्यबिंदूजवळचे लाकूड वाकते म्हणून ते टाळायचे, आणि ओलावा मोजण्याच्या यंत्राने लाकूड पुरेसे वाळले आहे याची खात्री करून घ्यायची. हे सगळे सुतारांना आधीपासून माहीत होते, पण खरेदीला जाताना मी त्यांना सोबत नेले नव्हते.

प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेकडे मी झेरॉक्स, बिल आणि फळीच्या टोकाची छायाचित्रे पाठवली. ज्यांचा क्रमांक वापरला गेला त्या व्यापाऱ्याला याची काहीच कल्पना नव्हती, असे त्या यंत्रणेने मला कळवले. वखारमालकांनी माल परत घेण्याची तयारी दाखवली, परंतु तो त्याच चिठ्ठीसह पुढच्या गिऱ्हाइकाच्या घरी जाणार हे उघड असल्यामुळे मी तो परत केला नाही. उरलेल्या दोन दारांसाठी दुसरीकडून घेतलेल्या फळ्या जेमतेम चार इंच रुंद आहेत, त्यांच्या बिलावर दावा आणि क्रमांक दोन्ही आहेत, आणि सुतारांनी त्यांतल्या एका फळीचे टोक ओले करून मला पुन्हा बोलावले तेव्हा मोजायला अकराच वलये होती.