एकदाच उघडणारी लिंक: नऊ महिने वापरून

रिन्युअलचं बिल आलंय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही, त्यांच्या सपोर्टकडं माझं तिकीट, म्हणजे तक्रार, अजून चालू आहे. काम काय करतं ते तुम्हाला माहीत असेलच: पासवर्ड तिजोरीत राहतात, कुणाला द्यायचा झाला तर मेलमध्ये फक्त लिंक जाते, आणि ती एकदा उघडली की संपली.

आमची लातूर एमआयडीसीत डाळ मिल. मी हिशोब बघतो, म्हणून कॉम्प्युटरही माझ्याच गळ्यात. आमचा एक ऑपरेटर काम सोडून गेला, तरी त्याच्या मोबाइलमध्ये ऑफिसचा मेल दोन महिने तसाच चालू होता. कळलं त्या रात्री मी मेलमध्ये ‘पासवर्ड’ शब्द शोधला. 61 मेल निघाले. जीएसटी, मालाच्या गाडीसाठीचं ई-वे बिल, बँक, सीसीटीव्ही, एकात तर डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, पिनसुद्धा. मेल वाटेत एन्क्रिप्ट होतो हे खरं, पण पोचल्यावर दोन्हीकडच्या खात्यात वाचता येईल असाच पडून राहतो. आपण आपला खोडला तरी समोरच्याकडं आहेच. त्याआधीचा आमचा बंदोबस्त म्हणजे पासवर्ड लावलेली झिप फाइल, आणि झिपचा पासवर्ड लगेच पुढच्या मेलमध्ये. हसू नका, तुमच्याकडंही हेच चालत असणार.

मालक रिकामं बारदानसुद्धा मोजून घेणारे. तरी ते 61 मेल बघून या सॉफ्टवेअरसाठी पाच जणांचे पैसे निघाले. दर माणशी, दर महिना, डॉलरमध्ये, वर जीएसटी.

पहिला महिना बरा गेला. मग लिंक जळायला लागल्या, म्हणजे समोरच्यानं उघडायच्या आतच संपायला लागल्या. सीएंच्या ऑफिसला जीएसटीचा नवा पासवर्ड पाठवला, तर तिथला आर्टिकल, म्हणजे सीएंच्या हाताखाली शिकणारा पोरगा, म्हणतो, “सर, लिंक आधीच उघडलेली दाखवतेय.” मी त्याला फोनवर नाही नाही ते बोललो. दुसरी पाठवली, तीही गेली. तिसऱ्यांदा लॉग, म्हणजे लिंक कधी उघडली याची नोंद, उघडून बसलो. मेल गेला 6 वाजून 12 मिनिटं 4 सेकंदांनी, लिंक उघडली 12 मिनिटं 7 सेकंदांनी. तीन सेकंदांत कोणता आर्टिकल मेल उघडतो? त्यांच्याकडची मेल तपासणारी यंत्रणा व्हायरस आहे का बघायला प्रत्येक लिंक आधी स्वतःच उघडत होती, आणि सॉफ्टवेअर तिला माणूस समजत होतं. पोराला फोन करून सॉरी म्हणालो. मेल नको म्हणून लिंक व्हॉट्सॲपवर टाकली, तर तीही जळाली. तिथं लिंकखाली दिसणारा प्रीव्ह्यू पाठवणाऱ्याच्या फोनवर, लिंक उघडून तयार होतो, म्हणजे ती मी स्वतःच जाळली.

सपोर्टला चार वेळा लिहिलं. चारही वेळा एकच उत्तर, तुमच्या बाजूनं तपासा. यावर मी जितका वेळ घालवला तितक्या वेळात अख्ख्या सीझनची बिलं झाली असती. शेवटी सेटिंगच्या तळाशी मलाच सापडलं: लिंकला वेगळा सांकेतिक शब्द लावता येतो, मग तपासणी यंत्रणा दारातूनच परत जाते. शब्द फोनवर सांगायचा. मी मोठ्या हौसेनं ‘तूर’ ठेवला. आर्टिकलनं एका यूनं लिहिला, मग दोन ओंनी, मग पहिलं अक्षर कॅपिटल. तीन चुका, लिंक बंद. आता जुन्या बिलाचे नंबर सांगतो.

एवढी आगपाखड केली, पण इथं माझं मत थोडं बदललं हेही सांगतो. लिंक जळते म्हणून तर आपल्याआधी कुणीतरी ती उघडली हे कळतं. साध्या मेलमधला पासवर्ड त्या ऑपरेटरनं किती वेळा बघितला असेल, कुणाला ठाऊक.

मात्र खरा उपयोग झाला तो यांच्या सॉफ्टवेअरचा नाही. 2025च्या 1 एप्रिलपासून ई-वे बिलाला सगळ्यांनाच टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डवर आणखी ओटीपी, सक्तीचं झालं. पासवर्ड तिजोरीत, ओटीपी मालकांच्या मोबाइलवर, मालक उदगीरला लग्नात. मांडवात बँड चालू, फोन खिशात. गेटवर डाळीचा ट्रक उभा, ड्रायव्हरचा तिसरा चहा. दुसऱ्या दिवशी ई-वे बिलाच्या पोर्टलवर दिवाणजी, डिस्पॅचवाला पोरगा आणि माझा असे वेगवेगळे सब-युझर काढले. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, ओटीपी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर, आणि कुणी सोडून गेला तर त्याचा युझर फ्रीज करायचा. पासवर्ड कुणाला पाठवायचाच नाही. फुकट! हे आधी सुचलं असतं तर पाचऐवजी दोनच जणांचे पैसे भरले असते.

म्हणून रिन्युअल दोघांचंच करतोय, मी आणि मालक. बँक, डीएससी आणि सीएंचं काम, एवढ्यासाठी ते ठीक आहे. परवा सपोर्टचा मेल आला, तिकीट बंद करू का म्हणून. मी म्हटलं, आधी तीन युझर कमी केल्याचं सुधारित बिल पाठवा.